जिन्यात वाळत घातलेली दिल्ली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या गच्चीवर झालेल्या 'छायाचित्रांतून दिल्ली' या कार्यक्रमातील भाषण. वक्ते : बी विंग, तळमजला.)



समितीने मला अर्धा तास दिला आहे. त्यातली सात मिनिटं प्रोजेक्टरची वायर शोधण्यात गेली, तेव्हा प्रस्तावना टाळतो. हे भाषण स्मरणिकेत छापायचं आहे असं मला सांगण्यात आलं. रंगीत पानं जाहिरातदारांसाठी राखून ठेवली आहेत आणि माझी सगळी छायाचित्रं कृष्णधवल आहेत, त्यामुळे दोघांचीही सोय झाली.

मी काही व्यावसायिक छायाचित्रकार नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात लोकांचे हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली. १९८६ च्या जूनमध्ये दिल्लीला बदली झाली आणि १९९४ पर्यंत आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. आम्ही म्हणजे मी, तेव्हा चार वर्षांचा असलेला आमचा मुलगा, आणि आमची ही. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. मी काही चुकीचं बोललो तर ती तिथूनच दुरुस्ती करील, तुम्ही मध्ये पडू नका.

त्याच वर्षी चौथ्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली. त्या पैशांतून शिलाई मशीन घ्यायचं घरात ठरलेलं होतं. चांदनी चौकात कूचा चौधरी नावाची एक गल्ली आहे, कॅमेऱ्यांचा सगळा बाजार तिथे. मी सहज म्हणून आत शिरलो आणि बाहेर आलो ते जुना रशियन झेनिट कॅमेरा घेऊन. ५८ मिलिमीटरची लेन्स, वजन खलबत्त्यातल्या बत्त्याएवढं, आणि बटण दाबलं की असा 'खटाक' आवाज व्हायचा की समोरचं कबूतर उडून जायचं. (दुसऱ्या रांगेतून : "मशीन १९८९ साली आलं!") हो, मशीन ८९ साली आलं.

फिल्म महाग, म्हणून मी ओर्वोचं मोठं रीळ आणून अंधारात स्वतःच छोट्या डब्यांत भरत असे. धुणं, छापणं सगळं बाथरूममध्ये. खिडकीला काळा कागद, तांबडा दिवा. तो दिवा लागला की घरात सगळ्यांची आंघोळ बंद.

पहिली दोन वर्षं मी फक्त वास्तू टिपल्या. आणि माझा एक नियम होता : फ्रेममध्ये माणूस नको. रविवारी पहाटे चारला उठायचं, पहिली बस पकडायची आणि उजाडायच्या आत कुतुबमिनार नाहीतर हुमायूनच्या कबरीशी जाऊन उभं राहायचं. एखादं कुटुंब मध्ये येऊन पुऱ्या खायला बसलं की माझ्या कपाळाला आठी. ते कधी उठतात याची वाट बघत मी तास-तास उभा राहिलो आहे. पुढचं दाखव रे.

हा कुतुबमिनार. आज माझ्याकडे त्याचे चारच फोटो उरले आहेत, त्यातला हा एक. का उरले तेही सांगणार आहे. उंची ७२.५ मीटर, पाच मजले. कुतुबुद्दीन ऐबकाने बाराव्या शतकाच्या शेवटी काम सुरू केलं, इल्तुतमिशने पुढचे मजले चढवले. मग वीज पडून वरचा भाग ढासळला, तेव्हा फिरोजशाह तुघलकाने वरचे दोन मजले नव्याने बांधले. नीट पाहा, खालचे तीन मजले तांबड्या दगडाचे आणि वर पांढरा संगमरवर आहे. आम्ही गेलो तेव्हा आत जाणं बंद झालं होतं. डिसेंबर १९८१ मध्ये आतल्या जिन्यात अंधारात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण गेले, त्यात शाळेची मुलं बरीच. तेव्हापासून दार बंद ते बंदच.

फोटो काढणाऱ्याला या मिनारात अडचण अशी की जवळून मान वर करून काढला तर तो मागे कलंडल्यासारखा दिसतो, आणि लांब जावं तर मध्ये झाडं येतात. माझ्या लेन्समध्ये तो उभा मावेल अशी जागा सापडायला मला पाच रविवार लागले. या एका फोटोला आमच्या ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबचं पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा तांब्या. तो अजून घरात आहे.

इथे बसलेल्यांपैकी कोणी दिल्लीला जाणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, मोबाइलने काढलात तरी उपयोगी पडतील. जामा मशिदीचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, तिथे सकाळी जा. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा पश्चिमेला, चांदनी चौकाकडे तोंड करून आहे. सकाळी गेलात तर तो काळा ढिगारा दिसेल, संध्याकाळी गेलात तर त्या दगडातून निखारा फुलल्यासारखा रंग येतो. आणि पावसाळ्याची पहिली मोठी सर पडून गेल्यावरचा दिवस सोडू नका. मे-जूनची धूळ धुऊन निघते आणि आकाश दोन-तीन दिवस आपल्या कोकणासारखं होतं. हिवाळ्यात धुकं. धुक्यात दिल्लीतलं काहीही चांगलंच दिसतं, त्यात फोटो काढणाऱ्याचं कौतुक नाही.

नवी दिल्लीचे, म्हणजे इंग्रजांनी बांधलेल्या राजधानीचे फोटो मी फारसे काढले नाहीत. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा झाली, १९३१ साली शहराचं उद्घाटन झालं. सगळं आखीव, सरळ, रुंद. तिथे फोटो काढताना मला भूमितीचा पेपर सोडवल्यासारखं वाटायचं. पुढे चला.

लाल किल्ल्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाण-ए-खासमध्ये मी खांबांची रांग जुळवत होतो आणि शेजारी एक गाइड पाहुण्यांना सांगत होता की या छताला एकेकाळी चांदीचा पत्रा होता, तो मराठ्यांनी काढून नेला. गोष्ट खोटी नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या पगाराला पैसा नव्हता, म्हणून त्या चांदीची नाणी पाडली. पुढे काही महिन्यांत पानिपत झालं. मी लगेच पुढे होऊन गाइडला भाऊसाहेबांची बाजू समजावून सांगणार होतो, तेवढ्यात हिने माझा शर्ट मागून ओढला. म्हणाली, "अहो, आपण कुठले ते सांगू नका. छताचे पैसे मागतील."

आता रस्त्यावर येऊ. मी रस्त्यावर आलो तो स्वतःहून नाही. १९८८ च्या गणपतीत आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी मखराची जरी, झालर आणायचं काम हिच्यावर सोपवलं. त्यासाठी जायचं किनारी बाजारात, चांदनी चौकाच्या पोटातल्या गल्लीत. मला हुकूम झाला की पिशव्या धरायला चला. एका हातात दोन पिशव्या, गळ्यात कॅमेरा. ही दुकानात घासाघीस करत होती आणि मी बाहेर उभा. समोर एका ओट्यावर एक कारागीर नवरदेवाच्या फेट्याला झालर शिवत होता, आणि त्याचा तीन-चार वर्षांचा नातू त्याच्या मांडीवर तो अर्धवट फेटा घालून झोपला होता. दुसऱ्या हाताने कॅमेरा उचलला आणि दाबलं. खटाक. म्हातारा दचकला, पोर उठलं नाही. हा तो फोटो. जरा वाकडा आला आहे, पिशवीमुळे.

मी घरी येऊन तो छापला आणि रात्री बराच वेळ बघत बसलो. पाच रविवार खर्चून काढलेल्या मिनारात पाहायला इतकं काही नव्हतं.

मग पुढची सहा वर्षं रविवार तसेच उजाडत राहिले, पण मी इमारतीकडे पाठ करून उभा राहायला लागलो. चांदनी चौक हा शाहजहानच्या मुलीने, जहांआराने आखलेला बाजार. एकेकाळी मधोमध कालवा होता, आमच्या वेळी मधोमध फक्त माणसं होती. एका टोकाला लाल किल्ला, दुसऱ्या टोकाला फतेहपुरी मशीद. चालत गेलं तर वीस मिनिटांचा रस्ता, मला कधी तीन तासांच्या आत संपला नाही.

भराभर दाखव. ही फटफटी. मागच्या पिढीतले दिल्लीकर हिच्या आठवणीने अजून हळवे होतात. दुसऱ्या महायुद्धातल्या हार्ले डेव्हिडसन मोटरसायकली, त्यांना मागे बाकडी जोडून केलेली रिक्षा. कॅनॉट प्लेस ते लाल किल्ला. पुढे बसलेले सरदारजी चालवायचे, मागे सहा-आठ जण, आणि आवाज असा की आतल्या माणसांचं बोलणं बंद. हा फोटो हललेला दिसतो तो माझा हात हलल्यामुळे नाही, गाडीच हलत होती.

हा कान साफ करणारा. डोक्याला तांबडी टोपी आणि टोपीत खोचलेली सळई, कापूस. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचं सुख पाहा. हे 'दौलत की चाट'चं ताट. दुधाचा फेस असतो, थंडीतच मिळतो, रात्रभर दवात ठेवून सकाळी विकायचा. ऊन चढलं की बसतो, म्हणून विकणाऱ्याला घाई, खाणाऱ्याला घाई, आणि फोटो काढणाऱ्याकडे कोणी बघत नाही. हे दर्यागंजच्या फुटपाथवरचं रविवारचं पुस्तकबाजार. इथे मला मराठी पुस्तकंही सापडली आहेत, कुठल्या तरी बदली होऊन गेलेल्या घरातली. हे जामा मशिदीच्या मिनारावरून दिसणारं गच्च्यांचं जग, आणि ही कबुतरं उडवणारी मंडळी. खालून चालताना या गच्च्यांवर एवढा संसार आहे याचा पत्ता लागत नाही.

हा जरा थांबव. हा कुतुबच्या आवारातला लोहस्तंभ. मी वास्तूंची छायाचित्रं काढत होतो तेव्हा या खांबाचा मला भयंकर राग यायचा, कारण तो कधी मोकळा सापडायचा नाही. खांबाला पाठ लावायची, हात मागे नेऊन बोटं एकमेकांत अडकवायची. अडकली तर मनातली इच्छा पुरी होते अशी समजूत होती. लोकांनी पाठ घासून घासून तो भाग गुळगुळीत केला होता. नंतर मी मुद्दाम या माणसांचेच फोटो काढले. हा एक जाडजूड गृहस्थ, त्याची बोटं चार इंचांनी राहिली आहेत आणि त्याची दोन मुलं दोन बाजूंनी त्याचे हात ओढत आहेत.

लोकांचे फोटो काढताना विचारावं की विचारू नये, असं मला परवा पहिल्या मजल्यावरच्या एका तरुणाने विचारलं. मी दोन्ही केलं आणि दोन्हीत फसलो. विचारलं की माणूस शर्टाचं वरचं बटण लावून ताठ उभा राहतो. न विचारता काढला की कधीतरी बोलणी खावी लागतात. खारी बावलीला, म्हणजे मसाल्याच्या घाऊक बाजारात, एक पल्लेदार – आपल्याकडचा हमाल – हातगाडीवर झोपला होता. मिरचीच्या पोत्यांच्या मधोमध, खोकला नाही, शिंक नाही. मी जवळ जाऊन दाबलं. खटाक, आणि तो उठून बसला. मला वाटलं आता मार बसणार. तो म्हणाला, "झोपलेल्याचा काढलास, आता जागेपणीचा काढ, मला लायसन्सला पाहिजे." तीन आठवड्यांनी मी त्याला दोन्ही प्रिंट नेऊन दिल्या. त्यानंतर त्या गल्लीत माझी सुटका राहिली नाही. कोणाला रेशनकार्डाला हवा, कोणाला गावी पाठवायला. सहा वर्षांत मी खारी बावलीतल्या किती माणसांचे फोटो बाथरूममध्ये छापले असतील याचा हिशेब हिशेबनीस असूनही मी ठेवलेला नाही. ही म्हणायची, आपल्या घरात मसाला विकत घ्यावा लागत नाही ही त्या कॅमेऱ्याची एकच कमाई.

आणि हा जामा मशिदीजवळचा छायाचित्रकार. लाकडी पेटीचा कॅमेरा, तीन पायांवर उभा. पेटीच्या मागच्या बाजूला कापडाची बाही, तिच्यात हात घालून तो आतल्या आतच कागद धुवायचा. आधी निघायची उलटी प्रतिमा, काळ्याचं पांढरं. ती लेन्ससमोर एका पट्टीवर लावून तिचाच पुन्हा फोटो काढायचा, की सुलटा फोटो तयार. मग समोरच्या बादलीत टाकायचा. मी त्याचा फोटो काढला, तर तो म्हणाला आता माझी पाळी, आणि आम्हा दोघांना मोडक्या बाकावर बसवलं. दिल्लीतल्या आठ वर्षांत आम्हा दोघांचा एकत्र फोटो तेवढा एकच. बादलीतून काढून त्याने तो ओला माझ्या हातात दिला. मी खिशातला रुमाल काढून टिपायला गेलो तर त्याने माझं मनगटच धरलं. "पोंछना मत, बाबूजी. पानी इसका कुछ नहीं बिगाड़ेगा, रुमाल बिगाड़ेगा." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

१९९४ मध्ये मुंबईला बदली झाली. १९९८ मध्ये आपली सोसायटी झाली आणि गुडघ्यांचा विचार करून मी तळमजला घेतला. तेव्हा सगळ्यांनी मला शहाणा म्हटलं होतं. निगेटिव्हच्या दोन पत्र्याच्या ट्रंका दिवाणाखाली गेल्या. एकीवर ऑइलपेंटने लिहिलं होतं 'वास्तू', दुसरीवर 'रस्ता'. 'वास्तू'त साधारण नव्वद रोल, 'रस्त्या'त सत्तर. प्रत्येक पट्टी बटरपेपरच्या पाकिटात, पाकिटावर शाईने तारीख.

२६ जुलै २००५ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्या मुलांचा तेव्हा जन्म झाला नव्हता त्यांनी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यांनाही माहीत आहे. उल्हास नदी रात्री आपल्या कंपाउंडमध्ये आली. तळमजल्यावरची आठ घरं वरच्या लोकांनी ओढून वर नेली. आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावर, काकूंच्या हॉलमध्ये, जमिनीवर एकूण एकवीस माणसं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तेव्हा आमच्या घरात खिडकीच्या गजांपर्यंत त्याची रेघ होती. फ्रीज आडवा. तांदळाचा डबा कंपाउंडच्या भिंतीशी सापडला.

मी दिवाणाखालून ट्रंका ओढून जिन्यात आणल्या. झाकण उघडलं तर आत गढूळ पाणी आणि त्यात सगळी पाकिटं एकमेकांना चिकटून एक लगदा. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. तो ओला असेपर्यंत आशा असते. चिकटलेल्या अवस्थेत वाळला की पट्ट्या आणि कागद एकजीव होतात, मग सोडवता येत नाहीत. म्हणजे मला हव्या होत्या बादल्या आणि स्वच्छ पाणी. त्या दिवशी वीज नाही, पंप बंद, नळ बंद. वरच्या टाकीत जेवढं उरलं होतं तेवढंच पाणी अख्ख्या इमारतीला प्यायला. सेक्रेटरींनी टाकीची चावी खिशात ठेवली होती आणि ते बरोबरच होतं. लोकांच्या घरातलं धान्य गेलं आहे, आणि हा माणूस फोटो धुवायला पाणी मागतोय. मी मागितलंच नाही. पायरीवर बसून राहिलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आज आपल्यात नाहीत. त्यांनी वरून विचारलं, "भाऊजी, पावसाचं पाणी चालेल का?"

पावसाचं पाणी! त्यासारखं दुसरं नाही, त्यात क्षार नसतात. पाऊस अजून कोसळतच होता. काकूंनी मुलांना कामाला लावलं. या गच्चीवर, आत्ता तुम्ही बसला आहात तिथे, परात, पातेली, टब, लहान मुलाची आंघोळीची घंगाळं, जे मिळेल ते मांडलं. तासाभरात चार बादल्या भरून खाली आल्या.

चारच बादल्या, दोन ट्रंका, आणि उजेड असायला अडीच तास. मी साहजिकच 'वास्तू'ची ट्रंक पुढे ओढली. तांब्या मिळवून देणारा मिनार त्यात होता, माझी सगळी पहाट त्यात होती. चार-पाच पट्ट्या पाण्यात सोडल्याही. तेवढ्यात हिने त्या ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. मला म्हणाली, "अहो, कुतुबमिनार कुठे जातोय? आठशे वर्षं उभा आहे. तुमचा तो मिरच्यांत झोपलेला माणूस तुम्हाला पुन्हा दिसणार आहे का?"

मी काही बोललो नाही. 'रस्ता' उघडली.

काम सोपं, पण चिकाटीचं. पाकीट पाण्यात बुडवून ठेवायचं, कागद सुटायला लागला की कडेने बोट सरकवायचं, पट्टी वेगळी करायची, दुसऱ्या बादलीत विसळायची आणि टांगायची. मोठ्या माणसांची बोटं जाड पडतात, म्हणून पाचवी-सहावीतली मुलं बसवली. बाहेर पाऊस, म्हणून दोऱ्या जिन्यात बांधल्या, पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत, कठड्याच्या या बाजूपासून त्या बाजूला. कपड्यांचे चिमटे संपले तेव्हा केसांच्या पिना आल्या. सी विंगचे एक गृहस्थ मदतीला धावले आणि त्यांनी पंचाने एक पट्टी खसकन पुसायला घेतली. मी ओरडलो, "पोंछना मत!" बादलीपाशी बसून मी हिंदीत का बोलतोय हे कोणालाच कळलं नाही. हिला कळलं.

तीन दिवस येणारा-जाणारा चांदनी चौकाखालून वाकून जात होता. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं. मुलं पट्ट्या खिडकीशी धरून हसायची, सगळ्यांचे दात काळे! ए विंगच्या चौथ्या मजल्यावरची एक मुलगी, आता ती स्वतः आई आहे आणि इथे बसली आहे, तिने लोहस्तंभाची पट्टी बघून विचारलं होतं, "काका, या माणसाला खांबाला का बांधलंय?"

हे बघून दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरची बाकीची मंडळी आपापले लग्नाचे अल्बम घेऊन आली. ते रंगीत फोटो प्लॅस्टिकला धरले होते, अर्धेअधिक सोडवताना रंग हातात आला. ज्यांचे वाचले नाहीत त्यांची मी आज पुन्हा क्षमा मागतो. एका वहिनींच्या अल्बममधला सप्तपदीचा एक वाचला, पण नवरामुलगा गेला. त्या म्हणाल्या, "असू द्या, तो घरात आहेच."

'रस्त्या'तले सत्तरपैकी एकसष्ट रोल वाचले. 'वास्तू'ची पाळी येईपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. झाकण उघडलं तेव्हा कुजका वास आला. मी हिच्या नकळत ती ट्रंक कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये चढवली. सुरुवातीला पाण्यात सोडलेल्या त्या चार-पाच पट्ट्यांवर जे होतं तेवढाच माझा कुतुबमिनार आज शिल्लक आहे. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. महिनाभर मी तिच्याशी त्या विषयावर बोललो नाही.

यंदा फेब्रुवारीत आम्ही नातवाला घेऊन दिल्लीला गेलो. सरोजिनी नगरमधली आमची क्वार्टर पाडून टाकली आहे, तिथे टॉवर उभे राहताहेत. फटफट्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच बंद झाल्या. लोहस्तंभाला १९९७ मध्ये कुंपण घातलं, आता त्याला कोणी पाठ लावत नाही. दर्यागंजच्या फुटपाथवरून पुस्तकबाजार २०१९ मध्ये हलवला. घंटेवाला हलवायाचं दुकान १७९० पासूनचं, ते २०१५ मध्ये बंद झालं. त्याच्या दारातल्या गर्दीचा फोटो 'रस्त्या'त आहे. चांदनी चौकात दिवसा मोटारी बंद झाल्या, लाल दगडाचा चालायचा रस्ता झाला. छान झाला आहे. पण माझ्या फोटोंतली एकही चौकट मला जुळवता आली नाही. खारी बावलीत मी त्या पल्लेदाराची प्रिंट घेऊन फिरलो. दोन म्हाताऱ्यांनी गल्ली ओळखली, माणूस ओळखता आला नाही.

कुतुबला गेलो. जी जागा शोधायला मला पाच रविवार लागले होते तिथे मी नातवाला नेऊन उभं केलं. त्याने मोबाइल वर केला, एकदा दाबलं, झालं. हा तो. शेजारी माझा ठेव. बघा, एकच फोटो आहे. फक्त माझ्यात माणूस नाही आणि त्याच्यात कडेला आजी आली आहे, पिशवी सांभाळत.

आता शेवटचा. हा पेटीवाल्याने काढलेला आम्हा दोघांचा. तो भिंतीवर होता, तोही पाण्यात गेला. कोपरा गेला आहे आणि हा जो मधे तपकिरी ढग दिसतोय तो दिल्लीतला नाही, तो आपल्या उल्हास नदीचा गाळ आहे. मुलगा म्हणाला कॉम्प्युटरवर काढून टाकतो. मी नको म्हटलं.

एक विनंती करून थांबतो. जिन्यात टांगलेल्या त्या पट्ट्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. झेनिट चिखलातून काढला तो पुन्हा चालू झाला नाही आणि तेव्हा मोबाइलमध्ये कॅमेरे नव्हते म्हटलं तरी चालेल. पण त्या आठवड्यात पंचनाम्यासाठी, विम्यासाठी कोणी ना कोणी इमारतीचे फोटो काढले असतील. कोणाच्या अल्बममध्ये, जुन्या फायलीत आपल्या जिन्याचा एखादा फोटो असेल, त्यात दोऱ्या दिसत असतील, तर कृपया बी विंग तळमजल्यावर आणून द्या. मी प्रत करून मूळ फोटो परत करीन. भिजलेला असला तरी चालेल. फक्त पुसू नका.